आतली बेंबी

कंपनीच्या डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद टेबलावर पालथा घातला, तेव्हाच घारीने ओळखलं की काहीतरी बिनसलंय. एरवी ते दारातूनच हात हलवून तिला कामावर पिटाळत. आज त्यांनी चष्मा पुसला, पेन शोधलं, सापडल्यावर त्याचं काय करायचं ते न सुचून परत खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बाई, उद्यापासून तुम्ही वर जायचं नाही."

वर म्हणजे टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये. नदीकाठी एक उंच इमारत उभी राहत होती आणि तिच्या डोक्यावर जी पिवळी क्रेन फिरायची, ती घार चालवायची. मनोऱ्याच्या आतली शिडी चढून सकाळी ती त्या काचेच्या खोक्यात बसली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरत नसे. सळ्यांचे भारे, काँक्रीटच्या बादल्या, फळ्या, पाइप, जे जे खाली होतं आणि वर हवं होतं ते सगळं तिच्या दोन मुठींतून जायचं. ती नवीन आली तेव्हा पुरुषांनी टिंगल म्हणून तिला घार म्हणायला सुरुवात केली. मग एकदा जोराचा वारा सुटलेला असताना तिने सळ्यांचा भला मोठा भारा सांगितल्या जागी बाळाला पाळण्यात ठेवावं तसा अलगद टेकवला. टिंगल तिथेच विरली, नाव तेवढं चिकटून राहिलं.

आता खोट काय निघाली होती, तर तिने खरं बोलायची चूक केली होती. खांदा धरला म्हणून तिने मध्ये दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या, त्याने छातीत जळजळलं, गोळ्या बंद केल्या आणि जळजळही गेली. पण वर्षाच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, पोटाची काही तक्रार? तिने सगळं सरळ सांगून टाकलं. त्यांनी दुर्बीण घालून पोट बघून यायला सांगितलं. कंपनीने ठरवून दिलेल्या दवाखान्यात एका घाईतल्या डॉक्टरने नळी घातली, आत काही दिसलं, चिमट्याने दोन कण काढले आणि कागदावर लिहिलं: जठराच्या खालच्या तोंडाजवळ गाठीसारखा उंचवटा, कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही. कणांचा रिपोर्टही आला. वरचं अस्तर ठीक आहे, आतलं काही हाती लागलं नाही, निष्कर्षाला अपुरं.

"म्हणजे आहे की नाही?" घारीने विचारलं.

"नाकारता येत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पुढचं सगळं तिला समजावलं. गाठ काढून टाकायची, तपासायची, जखम भरली की पुन्हा वर. तोवर खाली गोदामात बसायचं, पगारात फरक पडणार नाही. सगळं काळजीपोटीच होतं आणि त्यांचा सूरही तसाच होता. म्हणून तर तिला जास्त संताप आला. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. काळजी करणाऱ्याशी भांडायला लागलं की आपणच वाईट दिसतो.

दुसऱ्या दिवसापासून ती गोदामात बसली. हेल्मेट, हातमोजे, बोल्टांच्या पेट्या, आणि छताला एक पंखा जो फिरण्यापेक्षा कुरकुरायचा जास्त. तिच्या जागी दुसऱ्या साइटवरचा एक चालक आणला होता. तो वाईट नव्हता, पण हूक उचलताना हिसका द्यायचा. गोदामाच्या दारातून घार मान वर करून बघायची आणि प्रत्येक हिसक्याला तिचीच मूठ आवळली जायची.

घरी याहून मोठी बातमी होऊन बसली होती. घारीच्या थोरल्या बहिणीला, ताईला, शेजाऱ्याला शिंक आली तरी तिथे काढा पोहोचवायची सवय. तिने फोन ठेवला आणि बॅग भरली. आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली, तिखटाचा डबा वरच्या फळीवर गेला, तेलाची बाटली कपाटात, आणि गॅसवर भाज्यांचं पिवळट पाणी उकळायला लागलं. त्याला ताई सूप म्हणायची. सकाळी सूप, दुपारी सूप, संध्याकाळी त्याच सुपात भात.

"ताई, मला काही होत नाहीये," घार म्हणायची.

"तेच तर," ताई डोळ्याला पदर लावायची. "होत नाही तेच वाईट असतं."

भेटायला येणारे सुरू झाले. फळं आणायचे, हळू आवाजात बोलायचे, आणि जाताना घारीकडे असं बघायचे जणू तिचा फोटो मनात काढून ठेवतायत. एक लांबची चुलत नणंद तर म्हणाली, तुझा चेहरा उतरलाय. उतरणारच. मीठ नसलेलं सूप पिऊन कुणाचा चढेल?

नवरा मात्र काहीच बोलत नव्हता आणि तेच घारीला जड जात होतं. तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचा. स्वभावाने शांत, हाताने अचूक. त्यांचं लग्न घरच्यांशी भांडून झालं होतं, त्यामुळे दोघांत अहो-जाहो कधी शिरलंच नाही. एरवी जेवताना ती दिवसभरातलं सगळं सांगायची आणि तो हुं हुं करत ऐकायचा. आता ती बोलायला लागली की तो तिच्या पोटाकडे बघायचा. एकदा आंघोळीनंतर तिने स्वतःच बरगड्यांखाली बोटं रुतवून पाहिली. काही लागलं नाही. तरी ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली, आणि त्यानंतर तिला स्वतःचाही राग आला.

नवऱ्याने एका सर्जनला गाठलं होतं. सर्जन म्हणाले, मी काही सांगू शकत नाही, पण काढलेली गाठ कधी कुणाला त्रास देत नाही. हे वाक्य नवऱ्याने घरी आणलं आणि ताईने ते उचलून धरलं. तारीखही तोंडी ठरली. घार हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिला आधी नीट माहीत करून घ्यायचं होतं की तिच्या पोटात आहे तरी काय.

वाट दाखवली ती शिट्टीने. शिट्टी म्हणजे खालून क्रेनला इशारे देणारा सिग्नलवाला. इतकी वर्षं घार त्याच्या हातांकडे बघून भार उचलायची, त्यामुळे तो न बोलताही तिला कळायचा. एका दुपारी तो गोदामात हातमोजे मागायला आला, हातात हातमोजे होतेच. म्हणाला, मोठ्या इस्पितळात एक डॉक्टरीणबाई आहेत, लोक त्यांना नळीवाल्या बाई म्हणतात. त्याच्या सासूला तिघांनी सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. बाईंनी नळी घातली, बघितलं आणि म्हणाल्या, आजी, घरी जा, हे असं बऱ्याच जणांना असतं. सासू अजून ठणठणीत आहे, हे शिट्टीने जराशा नाराजीनेच सांगितलं.

नळीवाल्या बाई पन्नाशीच्या पुढच्या, बुटक्या, पायात रबरी सपाता, आणि बोलण्यात एक शब्द वाया न घालवणाऱ्या. त्यांनी आधीचा रिपोर्ट वाचला नाही. बाजूला ठेवला. म्हणाल्या, आधी मी बघते, मग दुसऱ्याने काय पाहिलं ते वाचते, नाहीतर डोळ्यांना त्याचंच दिसायला लागतं. मग वीसेक प्रश्न विचारले. वजन उतरलं का, उलटी होते का, शौचाला काळं होतं का, घास अडकतो का, जेवल्यावर लवकर पोट भरतं का. घारीने प्रत्येकाला नाही म्हटलं आणि शेवटी सांगितलं की सध्या सूप सोडून दुसरा काही त्रास नाही.

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी मान वर केली. "झोपेचं औषध घ्यायचंय की जागं राहून बघायचंय?"

"बघायचंय."

घशात कडू फवारा मारला, तोंडात प्लास्टिकची कडी अडकवली आणि नळी आत गेली. त्या नळीच्या टोकाला कॅमेऱ्याबरोबर सोनोग्राफीचंही यंत्र होतं. ओकारीवर ओकारी येत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नर्सने खांदा धरून ठेवला होता. तरी घारीने कुशीवर पडल्या पडल्या पडद्यावरची नजर हलवली नाही. वरून भार खाली सोडताना ठेवायची तशीच तिने ती रोखून ठेवली. एक गुलाबी, ओलसर बोगदा उलगडत गेला. मग मोठी पोकळी, तिच्या भिंतीला मऊ घड्या. मग खालच्या टोकाला, भिंतीवर, एक छोटा गोल उंचवटा. नळी त्याच्यासमोर थांबली. बाईंनी त्याला या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, टोकाने हलकेच दाबून पाहिलं, सोनोग्राफीत त्याचे थर पाहिले. घाई नव्हती.

नळी बाहेर आल्यावर, तोंड धुऊन झाल्यावर, त्यांनी घारीला पडद्यासमोर स्टुलावर बसवलं. उंचवट्याचा फोटो मोठा केला.

"काय दिसतं सांगा."

घारीने बघितलं. गुळगुळीत गोल टेकाड. वरची कातडी आजूबाजूच्या भिंतीसारखीच, कुठे फाटलेली नाही, रंग वेगळा नाही. आणि बरोबर मधोमध एक खोलगट खड्डा.

"ही तर बेंबी आहे," ती म्हणाली. घसा अजून बधिर होता, त्यामुळे आवाज घोगरा आला.

आता बाई हसल्या. "आम्हीही हेच म्हणतो. पुस्तकात जरा भारदस्त शब्द आहे, पण अर्थ बेंबीच."

मग त्यांनी सांगितलं. आईच्या पोटात बाळ घडत असताना आतले अवयव आपापल्या जागी सरकत असतात. त्या सरकासरकीत कधीकधी स्वादुपिंडाचा एक इवलासा तुकडा वाट चुकतो आणि जठराच्या भिंतीत राहून जातो. बहुतेक वेळा इथेच, खालच्या तोंडाच्या अलीकडे. मधला खड्डा म्हणजे त्याचं तोंड. तो अस्तराच्या खाली बसलेला असतो, म्हणून वरवर चिमटा मारला की हाती नुसतं अस्तर येतं, आणि कागदावर अपुरं असं लिहिलं जातं. जन्मापासून तो तिथेच आहे. तुम्ही शाळेत होतात तेव्हा होता, लग्नात होता, क्रेनवर रोज तुमच्याबरोबर चढत होता.

"काढायचा?"

"का? त्याने तुमचं काय बिघडवलंय?"

घारीने विचारलं की वाईट गाठ कशी ओळखतात. बाईंनी दुसरा एक फोटो पडद्यावर आणला, कुणाचा ते न सांगता. तो बघायला डॉक्टर असायची गरज नव्हती. कडा कुरतडल्यासारख्या, मध्ये मळकट व्रण, आजूबाजूच्या घड्या ओढून धरल्यासारख्या तिथेच येऊन मोडलेल्या. बाईंनी तो फोटो लगेच बंद केला.

"पोटात, घशात, आतड्यात अशा कितीतरी गोष्टी असतात," त्या म्हणाल्या. "पांढरे ठिपके, पिवळे डाग, पिशव्या, घड्या. माणसं त्या घेऊन जगतात आणि भलत्याच कशाने तरी म्हातारी होऊन मरतात. दिसलं की ओळखायचं, हे आमचं काम. ओळखायचा कंटाळा आला की माणूस 'नाकारता येत नाही' असं लिहितो."

त्यांनी स्वतःचा रिपोर्ट लिहिला. जन्मजात, निरुपद्रवी. काढण्याची गरज नाही. पुन्हा तपासण्याची गरज नाही. उंचीवरच्या कामासह सर्व कामांस योग्य. खाली फोटो जोडला.

घारीने तो कागद कंपनीच्या डॉक्टरांसमोर ठेवला तेव्हा तिला वाटलं, संपलं. डॉक्टरांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "शक्यता शून्य आहे, असं कुठे लिहिलंय?"

तिने तिथूनच बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, शून्य मी लिहिणार नाही, शून्य लिहिणारा डॉक्टर खोटं बोलतो. जे पाहिलं आणि जे ओळखलं ते लिहिलंय आणि त्याखाली माझी सही आहे. डॉक्टरांनी फोन ऐकला, मान हलवली आणि घारीला म्हणाले की मग माझाही नाइलाज आहे. साइटच्या साहेबांनी तर तिला गोदाम कायमचं देऊ केलं. खुर्ची बदलून देतो म्हणाले, पाठीला आधार असलेली.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिने सगळं सांगितलं. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काढून टाकू या का? संपेल एकदाचं. तुला वर जायला मिळेल." ताई म्हणाली, मीही तेच म्हणते. घारीने भांडी घासायला घेतली. तिच्या गप्प राहण्याला दोघांनी होकार समजला. सर्जनच्या दवाखान्यातून फोन आला, ठरलेल्या दिवशी सकाळी उपाशीपोटी या. नवऱ्याने रजा टाकली. ताईने पिशवी भरली: दोन गाऊन, टॉवेल, थर्मास.

आणि घार खरोखरच ठरवू शकली नव्हती, हेही सांगायला हवं. वर जायची ओढ इतकी होती की तेवढ्यासाठी पोटाला चीर मारून घ्यायलाही ती अर्धीअधिक तयार झाली होती. काय बिघडतं, असं ती स्वतःला म्हणत होती. पण त्या सकाळी ती उठली, चूळ भरली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला इमारतींच्या मधल्या फटीत क्रेनचं टोक दिसलं. तिथे कुणीतरी हूक उचलत होतं. हिसका देऊनच. तिला एकदम वाटलं, माझं काहीही बिघडलेलं नाही, आणि मी दुसऱ्यांची भीती घालवायला माझं पोट फाडून द्यायला निघाले आहे.

तिने वरच्या फळीवरून तिखटाचा डबा काढला. कपाटातून तेल काढलं. कांदा कापला, मिरची कापली, चार अंडी फोडली. तव्याचा चर्र आवाज झाला आणि कांद्याचा वास घरभर गेला तेव्हा ताई धावत आली.

"अगं बाई! उपाशी राहायचंय तुला!"

घारीने पावाला लोणी लावलं, आमलेट ताटात घेतलं आणि टेबलाशी मांडी ठोकून बसली. नवरा दारात उभा होता, बाहेर जायचे कपडे घालून, पिशवी हातात.

"काय करतेस तू?" तो म्हणाला.

"न्याहारी."

"आज…"

"आज काही नाहीये. ये, बैस. तुझ्यासाठीही दोन अंडी ठेवलीयेत."

तो बसला नाही. आजवर जे तो बोलला नव्हता ते सगळं बाहेर आलं. तू वर जातेस तेव्हा मी कधी काही बोललो नाही, तो म्हणाला. वारा सुटला की दुकानात माझ्या हातातली काच वाकडी घासली जाते, तरी बोललो नाही. पण ही एक गोष्ट अशी आहे जी काढून टाकता येते आणि ती तू मला काढू देत नाहीस.

घारीने घास गिळला. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिने ते केलं नाही, कारण केलं असतं तर ती विरघळली असती.

"तुला भीती काढून टाकायचीये," ती म्हणाली. "ती माझ्या पोटात नाहीये. ते सर्जन तिथे चीर मारतील, एक बेंबी काढून बरणीत घालतील, आणि तुझी भीती जशीच्या तशी घरी येईल. पुढच्या महिन्यात ती माझ्या गुडघ्यात जाऊन बसेल."

ताई रडायला लागली. घारीने तिच्यासमोरही ताट सरकवलं. मग नवऱ्याने पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "मिरची जास्त झालीये." त्याचे डोळे भरले होते, ते मिरचीने की कशाने, हे तिने विचारलं नाही. सर्जनना फोन मात्र त्यानेच केला.

भरल्या पोटाने घार सरळ कंपनीच्या डॉक्टरांकडे गेली. बाहेरच्या बाकावर माणसं होती, ती थांबली, आपली पाळी आल्यावरच आत गेली. ऑपरेशन करून घेणार नाही, असं तिने सांगितलं. गोदामही नको. आणि खुर्चीवर बसून विचारलं, "मी क्रेन चालवायला लायक का नाही, हे तुम्ही मला एका ओळीत लिहून द्या. चक्कर येते? दिसत नाही? हात कापतो? काय ते लिहा, मी घरी बसते."

डॉक्टरांनी कागद ओढला. पेन काढलं. काही लिहिलं नाही. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि तिला एका वेल्डरची आठवण करून दिली. घारीला तो चांगला आठवत होता. सहाव्या मजल्यावर असायचा, तिने सोडलेला गर्डर धरताना वर बघून हात करायचा. त्याचं पोट दुखायचं. डॉक्टर म्हणाले, मी त्याला म्हटलं पित्त आहे. गोळ्या दिल्या. पुन्हा आला, पुन्हा गोळ्या दिल्या. नळी घालायला पाठवलं तोवर सगळं पसरलेलं होतं. तेव्हापासून मी कुणालाच 'काही नाही' असं म्हणत नाही. हे ते टेबलाकडे बघत बोलले.

तो माणूस तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, हात वर केलेला. डॉक्टरांबद्दलचा तिचा राग थोडा सैल झाला, पण त्यातून जे उरलं ते अधिक टणक होतं.

"त्याला दुखत होतं आणि तुम्ही पाहिलं नाहीत," ती म्हणाली. "मला दुखत नाही आणि तुम्ही पाहायचं थांबत नाही. माझं पोट कापून तो परत येणार आहे का, डॉक्टर?"

त्यांनी पेन परत खिशात ठेवलं.

"चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "कागद वाचू नका. फोटो बघा. त्या बाई दाखवतील. बघून तुम्हाला ती गाठ वाईट वाटली तर मी गोदामात बसेन, तोंडातून शब्द काढणार नाही."

डॉक्टर नाही म्हणतील असंच तिला वाटलं होतं. पण ते आले. दुसऱ्या दिवशी दुपारी, साधा शर्ट घालून, विद्यार्थ्यासारखे, नळीवाल्या बाईंच्या अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसले. बाईंनी त्यांच्यावर ना आवाज चढवला ना त्यांना टोमणा मारला. घारीला विचारलं तसंच त्यांनाही विचारलं, काय दिसतं सांगा. एकामागून एक फोटो दाखवत गेल्या, घारीचा मध्येच कुठेतरी घातलेला. डॉक्टर आधी चाचरत होते. हळूहळू सावरले. कुरतडलेल्या कडा त्यांनी ओळखल्या, अन्ननलिकेतले निरुपद्रवी पांढरे ठिपके ओळखले, एका ठिकाणी अडखळले तेव्हा बाईंनी सांगितलं. बेंबी आली तेव्हा ते बराच वेळ पुढे झुकून बघत राहिले.

"हिच्यात काहीच नाही," ते शेवटी म्हणाले. तो शब्द तोंडातून गेल्यावर ते स्वतःच दचकल्यासारखे झाले.

तरी जाता जाता त्यांनी विचारलंच, वर्षाने एकदा पुन्हा नळी घालायची का, नुसती खात्रीसाठी. बाई म्हणाल्या, नाही. काळं शौच झालं, उलट्या झाल्या, दुखायला लागलं, तर त्याच दिवशी पाठवा, वर्षभर थांबू नका. एरवी पाठवू नका. माझ्या दारात खरोखर आजारी माणसं ताटकळत बसलेली असतात.

डॉक्टरांनी सही केली. वळणदार सही, जरा जास्तच दाबून. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पहिला आठवडा हलकेच भार उचल, असं बजावलं. घार म्हणाली, हलकं काय असतं ते गोदामातल्यांना विचारा, मला शेड्यूलप्रमाणे द्या. शेड्यूलप्रमाणे त्या दिवशी दक्षिणेच्या कोपऱ्यात गर्डर चढवायचा होता.

ताई अजून गेलेली नव्हती. तिचं म्हणणं होतं की डॉक्टर काहीही म्हणोत, आत काहीतरी आहे ते आहेच. घारीने वाद घातला नाही. आहेच, म्हणाली, आणि डबा मागितला. ताईने डब्यात सूप भरलं होतं. घारीने ते तिच्यासमोर पातेल्यात परत ओतलं आणि कालची मसाल्याची भाजी भरून घेतली. ताई बघत राहिली. मग तिने स्वतःच उठून वर एक लोणच्याची फोड टाकली, तोंडाने मात्र पुटपुटतच.

शिडी चढताना घारीचे पाय भरून आले. गोदामातल्या खुर्चीने सवय मोडली होती. मधल्या दोन टप्प्यांवर ती दम खायला थांबली आणि खालून साहेब बघतायत हे माहीत असूनही थांबली. केबिनमध्ये त्या दुसऱ्या चालकाने सीट पुढे सरकवून ठेवली होती. तिने ती मागे घेतली, काच पुसली, वाऱ्याचा आकडा पाहिला, रिकामा हूक एकदा वर-खाली करून बघितला. खाली शिट्टीने दोन्ही हात वर केले. गर्डर स्लिंगच्या जाड पट्ट्यांत बांधलेला होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोरी धरून माणसं उभी होती.

वॉकीटॉकीवर शिट्टीचा आवाज आला. "घार, तब्येत कशी आहे?"

"माणसं बाजूला घे," ती म्हणाली. "उचलतेय."

दोर ताणला गेला. गर्डरने जमीन सोडली, हिसका न बसता, कणभरही न झुलता, आणि सरळ वर यायला लागला.